समुपदेशन कुठे बरं: अंधशाळेत की घराजवळच्या शाळेत?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड आपली. पुण्यात कोरेगाव पार्क आणि कोथरूडला अंधशाळा आहेत, म्हणून हा प्रश्न इथल्या घरांत खरोखर पडतो.

अंधशाळेत ब्रेल, पांढरी काठी समजावून सांगावी लागत नाही. समुपदेशक थेट मनातल्या गोष्टीवर येतो. दहावीनंतर काय, याची उत्तरं तिथल्या माजी विद्यार्थ्यांकडे असतात.

नेहमीच्या शाळेत समुपदेशक असलाच तर शेकडो मुलांमागे एखादा. भावनांचे चित्रतक्ते दृष्टिहीन मुलीला काय कामाचे? कर्णबधिर मुलाचं तर आणखी अवघड: समुपदेशकाला सांकेतिक भाषा येत नसेल तर आईला दुभाषी म्हणून बसवतात, आणि आईसमोर तो काय बोलणार! मला हे फार खुपतं.

तरीही डबा कुणासोबत खायचा, खेळाच्या तासाला एकटं का बसायचं, हे प्रश्न याच शाळेत उभे राहतात आणि इथेच, वर्गातल्या इतर मुलांना सोबत घेऊन सोडवता येतात. म्हणून माझा कौल जवळच्या शाळेला. पण प्रवेशाआधी समुपदेशकाला भेटा आणि मुलाशी एकट्याने कसं बोलणार, ते विचारा.