खुनी कोण हे आधीच कळलं तरी

लायब्ररीतून अगाथा ख्रिस्तीचं द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड आणलं आणि तिसऱ्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने एका नावाभोवती गोल करून बाजूला 'खुनी' असं लिहून ठेवलेलं. असल्या लोकांचं काय करावं! काउंटरवरच्या काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, अहो मग खोडून टाका ना, हे घ्या खोडरबर. नाव डोक्यातून कसं खोडायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

चिडून परतच करणार होते, पण पावसामुळे घरात अडकले म्हणून वाचलं आणि खरं सांगू, दुप्पट मजा आली. 1926 चं पुस्तक आहे. ख्रिस्तीबाईंचा नेहमीचा डिटेक्टिव्ह पायरो रिटायर होऊन खेड्यात भोपळे लावत बसलाय, शेजारी डॉक्टर, आणि डॉक्टरची बहीण कॅरोलाइन, जिला घराबाहेर न पडता अख्ख्या गावाची बित्तंबातमी असते. (त्यांची दुसरी डिटेक्टिव्ह, म्हातारी मिस मार्पल, हिच्यावरूनच सुचली असावी असं ख्रिस्तीबाईंनी स्वतःच लिहिलंय.) उत्तर माहीत असल्यामुळे बाईंनी आपल्याला कुठे कुठे गंडवलं ते दिसत राहतं, आणि खोटं त्या एकदाही बोलत नाहीत!

मग हट्टाने तसलंच शोधलं. जपानी लेखक हिगाशिनोचं द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स, जपानीत 2005 ला आलेलं, मी इंग्रजीत वाचलं. यात खून आपल्यासमोरच होतो, तोही सुरुवातीलाच. डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, तिची मुलगी, छळायला आलेला घटस्फोटित नवरा, आणि भिंतीपलीकडे राहणारा गणिताचा मास्तर इशिगामी, जो रोज तिच्याकडूनच डबा घेतो आणि धड बोलतही नाही. पुढचं सगळं तो निस्तरतो. त्याचा कॉलेजचा मित्र युकावा, फिजिक्सवाला, त्याला संशय कशावरून यावा? काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून इशिगामी सहज म्हणतो की तुझे केस बघ अजून कसे दाट आहेत. बस. ज्या माणसाने आयुष्यात आरशाकडे बघितलं नाही त्याला आज केसांची काळजी का, म्हणजे कुणीतरी आवडतंय. मी तिथे पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले. सुरुवातीचं ते नदीकाठचं चालणं मात्र घाईत वाचू नका, मी वाचलं आणि शेवटी कपाळावर हात मारला. यासुको थोडी कच्ची वाटली, सगळे तिच्यासाठी धडपडतात आणि ती नुसती घाबरलेली.

जोसेफिन टे यांचं द डॉटर ऑफ टाइम (1951) ठीक. पाय मोडून हॉस्पिटलात पडलेला इन्स्पेक्टर इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचं चित्र बघतो आणि ठरवतो, हा माणूस पुतण्यांना मारणारा नव्हे. कल्पना भन्नाट, पण एडवर्ड इतके की कागदावर वंशावळ काढावी लागली. आणि चेहरा बघून निकाल देणं मला काही पटलं नाही. 2012 ला लेस्टरच्या कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडा मिळाला, पाठीचा कणा खरंच वाकडा होता.

मध्ये एक गाजलेलं नवं थ्रिलर पन्नास पानांवर सोडलं, दर दोन पानांनी धक्का, मान दुखायला लागली.

आणि शेवटी, रहस्यकथा नसूनही सगळ्यात धडधड झाली ती गोडसे भटजींच्या माझा प्रवासमध्ये. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, चार पैसे मिळतील म्हणून 1857 मध्ये उत्तरेत निघतो आणि नेमका झाशीच्या वेढ्यात सापडतो. झाशी पडणार हे आपल्याला शाळेपासून पाठ, तरी मी श्वास रोखून वाचत होते. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीशी राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली, हा पाणी काढून द्यायला धावतो तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, आणि मडकं घेऊन स्वतःच काढते. पुस्तक छापलं गेलं 1907 ला, भाषा पहिली वीस पानं अडते, मग कानाला सवय होते.

अ‍ॅक्रॉइडवरचं ते नाव खोडून परत केलंय, पण मेल्याने पेन्सिल इतकी दाबलीये की पान उजेडात तिरकं धरलं की अजून वाचता येतं.