टेक्ट्रो आर-५५९ : जुन्या स्टील फ्रेमला लांब हातांचा ब्रेक

स्टीलची सायकल आपोआप मऊ चालते, या समजुतीवर जुन्या फ्रेम आणि सुटे भाग जमवणारे ठाण्यात बरेच आहेत. पण घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला २३ मिमीचे टायर १०० पीएसआयला फुगवून न्या, स्टीलचं कौतुक मनगटांपर्यंत पोचत नाही. आराम मिळतो टायरमधल्या हवेमुळे. रुंद टायरला फ्रेममध्ये जागा लागते आणि अशी जागा असलेल्या जुन्या फ्रेममध्ये नेहमीचा रोड कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक) रिमपर्यंत पोचतच नाही. टेक्ट्रो कंपनीचा आर-५५९ आहे तो याच अडचणीसाठी. त्याची रीच, म्हणजे बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर, ५५ ते ७३ मिमी. साध्या कॅलिपरची ३९ ते ४९, तर टेक्ट्रोच्याच मधल्या आर-५३९ची ४७ ते ५७.

विकत घेण्याआधी मोजा. ७०० सीचं चाक (रिमचा व्यास ६२२ मिमी) फ्रेममध्ये लावा आणि ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून, पॅड जिथे टेकतं त्या पट्टीच्या मध्यापर्यंत सरळ खाली अंतर घ्या. पुढचं आणि मागचं वेगळं मोजा. दोन्ही सारखी असतीलच असं नाही, आणि मग पुढे आर-५३९, मागे आर-५५९ अशी जोडी खुशाल लावावी. अंतर ५० च्या आत असेल तर ती रेसिंग फ्रेम, तिथे २८ मिमीसुद्धा मुश्किलीने बसतो. ६० च्या आसपास असेल तर ३२ मिमीचा टायर आणि वर मडगार्ड. फ्रेम मूळची २७ इंची (६३० मिमी) असेल तर ७०० सी लावल्यावर पॅड ४ मिमी खाली जातं, तेही धरा. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो ती जागा) मागच्या दोन नळ्यांमध्येही ४० मिमी मोकळे हवेत, नाहीतर वर जागा असून टायर खाली घासतो. २६ × १⅜ च्या (५९० मिमी) देशी फ्रेममध्ये मात्र ७०० सी कोंबू नका. चाकाची त्रिज्या १६ मिमीने वाढते.

घोळ होतो तो बोल्टचा. हा ब्रेक दोन प्रकारांत येतो: मागून साधा नट लागणारा आणि भोकात बुडणारा लांब नट लागणारा. जुन्या फ्रेमला आरपार ६ मिमीचंच भोक असतं, म्हणून साध्या नटाचा मागा. तो मिळालाच नाही तर चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) फक्त मागच्या बाजूचं भोक ८ मिमी करून घ्यावं. पुढच्या बाजूला ड्रिल लावू देऊ नका, मेकॅनिक कितीही म्हणाला तरी.

ब्रेक लागतो कसा? हात जितके लांब, तितका जोर कमी पडतो. पॅड ६० च्या आसपास असेल तर तक्रारीला जागा नाही; ७० च्या पुढे लिव्हर स्पंजासारखी दबते. कंपनीचे पॅड कडक आहेत. पावसात येऊरचा डोंगर उतरताना ते रेती धरतात आणि रिम खरवडतात, म्हणून पहिल्याच दिवशी मऊ पॅड घाला. आणि रिम अ‍ॅल्युमिनिअमचीच हवी. क्रोमच्या स्टील रिमवर ओल्यात कुठलाही ब्रेक धड लागत नाही, त्यात आर-५५९चा दोष नाही.

हवा भरताना ७० किलोच्या माणसाला ३२ मिमीत मागे ५५-६० आणि पुढे ५० पीएसआयपासून सुरुवात करावी. नवी मुंबईतल्या पाम बीचच्या गुळगुळीत रस्त्यावर थोडी वाढवली तर चालेल, पण वेग वाढेल अशी आशा धरू नका.

बाकीची जुळवणी थोडक्यात. मागच्या ड्रॉपआऊटमधलं (चाक बसतं त्या दोन खाचांमधलं) अंतर १२६ मिमी असेल तर १३० मिमीचा हब (चाकाचा मधला भाग) फ्रेम हाताने फाकवून बसतो. १२० असेल तर फ्रेम वाकवावी लागते. मग डोक्याच्या नळीला दोरा गुंडाळून त्याची दोन्ही टोकं ड्रॉपआऊटपर्यंत ओढा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का पाहा. ६८ मिमीच्या इंग्लिश बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. सरळ फिरवत बसलात तर शेल (फ्रेममधली बीबीची नळी) जाईल. २५.४ मिमीचं हँडल २६.० च्या स्टेममध्ये (हँडल धरणाऱ्या भागात) कितीही आवळलं तरी फिरतं. गिअर वेगवेगळ्या जमवाजमवीतले असतील तर फ्रिक्शन शिफ्टर (ठरलेल्या टप्प्यांशिवाय सरकणारा गिअरचा लिव्हर) लावा, जुळवणीची निम्मी कटकट तिथेच संपते. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते मिळाले तर येऊरचा चढही बसून निघतो.

खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, म्हणून ब्रेक लावण्याआधी फ्रेमच्या नळ्यांत पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल ओतून फिरवा, उरलेलं निथळू द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा. स्टेम आणि सीटपोस्टला ग्रीस लावून बसवा, पावसाळा सरला की एकदा बाहेर काढा. अ‍ॅल्युमिनिअम स्टीलमध्ये जाम झालं तर करवतीशिवाय निघत नाही.

मडगार्डची पट्टी याच ब्रेकच्या बोल्टवर येते. साध्या नटाच्या प्रकारात तिला बोल्टची लांबी पुरते. बुडत्या नटाचा घेतला असेल तर लांब नट त्याच वेळी मागवून घ्या.