ग्रामप्रियाची एक दिवसाची पिल्ले आणि त्यांना लागणारी गावरान आई

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठी ज्या सुधारित जाती तयार केल्या, त्यांत वनराजा आणि ग्रामप्रिया ही नावे आता खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहेत. वनराजा अंडी आणि मांस अशा दोन्हींसाठी आहे, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी गावरान कोंबड्यांच्या जोडीला ग्रामप्रियाची पिल्ले आम्ही काही वर्षांपासून आणत आहोत. ही पिल्ले घ्यावीत का, असे अनेक जण विचारतात, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे. पिल्ले उत्तम आहेत आणि जरूर घ्यावीत, पण ज्या घरी एकही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी, गावरान कोंबडी उरलेली नाही, त्या घरी या पिल्लांची किंमत बरीच कमी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जमेची बाजू सांगतो. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. ग्रामप्रिया परसात मोकळी फिरून, थोड्या वरखाद्यावर १६० ते १८० अंडी देते असे संचालनालय सांगते, आणि आमच्याकडचा अनुभव त्याच्याशी फारसा विसंगत नाही. अंडे तपकिरी असते, आकाराने गावरान अंड्यापेक्षा मोठे असते आणि बाजारात सहज खपते. पिसांचा रंग मिश्र, बराचसा तपकिरी असल्यामुळे ही कोंबडी पाचोळ्यात आणि गवतात लपून जाते. पांढऱ्याशुभ्र कोंबडीवर घारीची नजर चटकन जाते. पाय मजबूत आहेत, चरायला आळस नाही आणि रात्री खुराड्यात परतण्याची सवय लवकर लागते.

पिल्ले येतात ती पुठ्ठ्याच्या पेटीतून. पेटीला चारी बाजूंनी गोल भोके असतात, आत चार खण असतात आणि प्रत्येक खणात पंचवीस पिल्ले असतात. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे पहिले दोन दिवस ते दाण्यापाण्याशिवाय तग धरू शकते आणि एवढा प्रवास शक्य होतो. तरीही पेटी उघडताच प्रत्येक पिल्लू हातात घेऊन पाहावे. बेंबी कोरडी आणि मिटलेली आहे का, डोळे तरतरीत आहेत का, पायांना तकाकी आहे का, आणि उताणे ठेवल्यावर ते लगेच उलटून उभे राहते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते. मग चोच अलगद गूळपाण्यात बुडवून पिल्लू खाली सोडावे. दाणा त्यानंतर, दोन-तीन तासांनी.

तक्रारीची पहिली जागा इथेच आहे. बहुतेक विक्रेते शंभरच्या पेटीखाली माल देत नाहीत, आणि परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाला वीस-पंचवीस पिल्ले पुरेशी असतात. आम्ही चार घरे मिळून एक पेटी मागवतो. या पद्धतीचा लसीकरणालाही फायदा होतो. मरेक्स या पिल्लांना लुळे करणाऱ्या रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचलेली असावी लागते, आणि एका विक्रेत्याने ती टोचली की नाही हे लेखी द्यायला चक्क नकार दिला होता. त्याच्याकडून आम्ही पुन्हा पिल्ले घेतली नाहीत. पुढची लासोटा, म्हणजे मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून द्यायची असते, गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाची चौदाव्या दिवसाच्या सुमारास, आणि लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. एका बाटलीत शंभराहून अधिक पिल्लांचे डोस असतात आणि लस एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. चार घरांची पिल्ले एकाच वयाची असली की बाटली वाया जात नाही. मानमोडी ज्यांनी एकदा पाहिली आहे, त्यांना या खटाटोपाचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

आता ऊब. दिव्याखाली पिल्ले वाढवायची तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करत न्यावे लागते. खाली भाताच्या तुसाची गादी, भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे, आणि वर दिवा. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहणे अधिक खात्रीचे असते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गर्दी करत असतील तर थंडी वाजते आहे, आणि चोच उघडून कड्याला चिकटली असतील तर उकडते आहे. ही व्यवस्था चांगली चालते, पण ती अखंड वीजपुरवठा गृहीत धरते. कोकणातल्या पावसाळ्यात वीज रात्री केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि गारठलेली पिल्ले एकाच कोपऱ्यात दाटीवाटी करतात तेव्हा तळाची पिल्ले थंडीने नव्हे, गुदमरून मरतात.

म्हणून आमच्याकडे ही पिल्ले खुडूक गावरान कोंबडीखाली जातात. पेटी येण्याची तारीख पक्की झाली की तिच्या एकवीस दिवस आधी खुडूक कोंबडीखाली चार-पाच गावरान अंडी ठेवावीत. तिची स्वतःची पिल्ले आणि पेटीतली पिल्ले अशा रीतीने एकाच सुमारास येतात. अंधार पडल्यावर, विजेरी न लावता, तिच्या मागच्या बाजूने एकेक पिल्लू पोटाखाली सरकवायचे. ती क्षणभर पिसे फुलवते, चोच खाली नेते, आणि मग खुडूक बसल्यापासून चाललेली तिची कुरकुर थांबून अगदी खालच्या पट्टीतला, तुटक आवाज सुरू होतो. तो ऐकू आला की कोंबडीने पिल्लू आपले मानले असे समजावे. हे काम अंडी फुटल्यानंतर पहिल्या एक-दोन रात्रींतच होते. उशीर झाला तर ती परक्या पिल्लाला टोचते. अंगाने भरलेली कोंबडी दहा-बारा पिल्ले नीट झाकते. त्याहून जास्त दिली तर कडेची उघडी पडतात.

दुसऱ्या दिवसापासून जे दिसते ते दिव्याखाली कधीच दिसत नाही. कोंबडी कणीचा एक दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि हाक देत राहते. पिल्ले तिच्या पायांशी धावत येऊन नेमका तोच दाणा टिपतात. काही दिवसांत ती त्यांना उकिरड्यावर नेते, माती उकरून वाळवी आणि किडे दाखवते. घारीची सावली अंगणावरून सरकली की तिचा एकच लांबट आवाज येतो आणि सगळी पिल्ले पाचोळ्यात निपचित बसतात. दिव्याखाली वाढलेली ग्रामप्रियाची पिल्ले बाहेर सोडल्यावर त्याच अंगणात, त्याच घारीखाली, मान वर करून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. जात तीच, दाणाही तोच, पण शिकवणारी नव्हती.

आईखाली वाढवण्यातही काळजी घ्यावी लागते. कोंबडीच्या अंगावरच्या उवा पिल्लांवर उतरतात, म्हणून अंड्यांवर बसवण्यापूर्वीच तिच्या उवांचा आणि जंतांचा बंदोबस्त करावा. मोठ्या कोंबड्यांचा वावर असलेल्या ओल्या जागेतून पिल्लांना रक्ती हगवण लागते, तेव्हा पावसात गादी रोज हलवून कोरडी ठेवणे अत्यावश्यक आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यात चुना फार असतो आणि तो कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पिल्लांचे खाद्य मात्र आईने खाल्ले तरी चालते, पण ती ते संपवूनच टाकते. यावर उपाय म्हणजे ज्याच्या फटीतून पिल्लू आत जाईल पण कोंबडी जाणार नाही अशा डालग्याखाली खाद्य ठेवणे.

ग्रामप्रियाबद्दलची माझी मुख्य नाराजी अशी की ती सहसा खुडूक बसत नाही. अधिक अंड्यांसाठी झालेल्या निवडीचा हा परिणाम आहे, कारण अंड्यांवर बसलेली कोंबडी तेवढा काळ अंडी घालत नाही. शिवाय ग्रामप्रिया ही संकरित असल्यामुळे तिचीच अंडी उबवून काढलेल्या पुढच्या पिढीत तेवढी अंडी देण्याचा गुण टिकत नाही आणि पिल्ले पुन्हा विकतच आणावी लागतात. असे असूनही सुधारित पिल्ले आली की पुष्कळ घरांतून गावरान कोंबड्या विकून टाकल्या जातात, किंवा खुडूक मोडावी म्हणून त्यांना पाण्यात बुडवतात आणि नाकपुडीतून पीस आरपार घालतात. हे पाहवत नाही. ज्या कोंबडीमुळे विजेचा, तुसाचा आणि रात्रीच्या जागरणाचा खर्च वाचतो, तिला कमी अंडी देते म्हणून घालवणे हा हिशेबही चुकीचाच आहे.

पेटीत नर-मादी मिसळून येतात, म्हणजे निम्मे नर निघणार हे धरूनच किंमत ठरवावी. नर मांसासाठी विकता येतात, पण वजनात ते वनराजाची बरोबरी करत नाहीत; कोंबडे विकणे हाच ज्यांचा हेतू आहे त्यांनी वनराजा घ्यावी. ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी नाही आणि वीजही बेभरवशाची आहे, त्यांनी मातृकेंद्रात, म्हणजे लहान पिल्ले सांभाळून मग विकणाऱ्या केंद्रात, चार आठवडे वाढवलेली, लसी झालेली पिल्ले थोडे जास्त पैसे देऊन घ्यावीत. आम्ही पुढची पेटी दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर मागवणार आहोत, आणि त्यासाठी शेजारच्या घरांतल्या खुडूक कोंबड्या एकाच दिवशी अंड्यांवर बसवायचे ठरले आहे.