गोव्याचा पावसाळा, नोकरी आणि घरातला सायकल ट्रेनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ गोवा ही शर्यत साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे साडेआठ तासांत उरकायचे असल्याने सरावाचे सर्वांत कसाचे आठवडे नेमके भर पावसात येतात. मी ताळगावात राहतो आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. काळोख्या पहाटे, धो धो पावसात बांबोळीची चढण आणि महामार्ग अंगावर घेण्यापेक्षा घरातच सायकल चालवावी, या विचाराने मे महिन्यात डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारचा स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकल जागीच चालवण्याचे आणि भार आपोआप कमीजास्त करणारे यंत्र घेतले. यात मागचे चाक काढून साखळी थेट यंत्रावरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) चढवतात, त्यामुळे टायर झिजत नाही आणि आवाजही बेताचा राहतो. खालच्या मजल्यावर मात्र जमिनीतून थरथर पोचते, म्हणून जाड रबरी चटई आवश्यकच आहे.

वेळेच्या हिशेबात हे यंत्र खरोखर उपयोगी ठरले. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे पाचला खोगिरावर बसले की सहाला सराव संपलेला असतो; दिवे, रेनकोट, चिखलाने माखलेली साखळी धुणे, यांत जाणारा वेळ वाचतो. बुधवार आणि शुक्रवार कांपालच्या पोहण्याच्या तलावासाठी मोकळे राहतात, कारण पावसाळ्यात समुद्रात उतरण्याचा प्रश्नच नसतो. धावणे संध्याकाळी कामावरून आल्यावर होते किंवा होत नाही. झुआरी पुलापाशी वाहतूक तुंबली की त्या दिवशी ते राहिलेच म्हणून समजावे.

ईआरजी मोडमध्ये ठरवलेले वॅट, म्हणजे पेडलवर लावायची ताकद, यंत्र स्वतःच राखते. पेडलचा वेग मंदावला की तितकेच वॅट भरून काढण्यासाठी ते भार वाढवते, त्यामुळे पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल जागीच अडकते. थकलेल्या पहाटे हे हमखास घडते. अशा वेळी भार पाच-दहा टक्क्यांनी आधीच उतरवून ठेवलेला बरा. या मोडमध्ये उतार नाही, सिग्नल नाही, पाय सोडून बसण्याची सोय नाही, म्हणून इथला एक तास रस्त्यावरच्या तासापेक्षा जड जातो.

खरी अडचण दमट हवेची आहे. समोरून वारा लागत नसल्याने घाम सुकत नाही, आणि तेवढ्याच वॅटला हृदयाचे ठोके रस्त्यावरपेक्षा चढे राहतात. छताचा पंखा कामाचा नाही. छातीच्या उंचीवर मोठा फिरता पंखा लागतो. घामाचे मीठ हँडलच्या बोल्टवर आणि हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगांत) उतरते आणि ऑगस्टपर्यंत तिथे तांबूस गंज दिसू लागतो. रोज सराव संपला की ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणे, आणि अधूनमधून बोल्ट काढून ग्रीस लावणे, एवढे केले तर सायकल टिकते. पावसात वीज जाते तेव्हा विजेवर चालणाऱ्या या यंत्राचा भार एकदम नाहीसा होतो. लहान इन्व्हर्टरवर ते चालते, पण पंखाही त्यावरच हवा.

गणेश चवथीला ट्रेनरची खोली पाहुण्यांना द्यावी लागली आणि यंत्र बाल्कनीत गेले. सायकलशिवायही ते इतके जड आहे की रोज उचलून ठेवण्याच्या बेताने कोणी घेऊ नये.

रविवारची लांब फेरी मात्र घरात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका जागी खिळलेल्या सायकलवर तीन तास बसले की खोगिराचा त्रास पायांआधी जाणवतो, आणि वळणे, ब्रेक, चालत्या सायकलवर पाणी पिणे यांचा सराव होतच नाही. पावसाने उघडीप दिली की पहाटे उकड्या तांदळाची पेज घेऊन रायबंदरच्या बाजूने जुने गोवे आणि पुढे जावे. विकत घेण्याआधी एवढे तपासावे: कॅसेट किमतीत धरलेली असते की नाही, तिचे गिअर तुमच्या सायकलशी जुळतात की नाही, आणि मागच्या ॲक्सलचे (चाकाच्या मधल्या दांड्याचे) अडॅप्टर खोक्यात येतात की वेगळे घ्यावे लागतात.