आजोबांच्या टांग्याची गोष्ट मी विक्रेत्याला सांगितली

माझे आजोबा मिरज स्टेशनबाहेर टांगा चालवायचे. घोडा ऐटदार दिसावा म्हणून लगाम आवळून त्याची मान वर ताणून ठेवलेली त्यांना अजिबात खपायची नाही. पुढे शाळेत चित्रकला शिकवताना ‘ब्लॅक ब्यूटी’ ही एका घोड्याची इंग्रजी कादंबरी हाती आली. त्यात ॲना स्यूएलनं याच क्रूर लगामाबद्दल पोटतिडकीनं लिहिलंय, तेही १८७७ साली. मला आजोबाच बोलतायत असं वाटलं. तेव्हापासून मी घोड्यांची जुनी सचित्र बालपुस्तकं जमवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी घरात शिरलं आणि खालचे दोन कप्पे गेले. लगदा झालेली ती पुस्तकं मी स्वतः पोत्यात भरली.

सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती चित्रकार लूसी केम्प-वेल्शच्या चित्रांच्या ‘ब्लॅक ब्यूटी’च्या प्रतीची. डेंट प्रकाशनानं ती चित्रं १९१५ साली छापली. तिच्या घोड्यांच्या कातडीवर ऊन पडलेलं दिसतं, घामाची ओल दिसते.

गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्यानं तीच प्रत असल्याचं सांगितलं. मी आनंदाच्या भरात त्याला सगळं सांगून बसले: आजोबा, मिरज, टांगा, पूर. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला. कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मोडीच्या वळणाची अक्षरं, ‘मिरज १९३२’. “ताई, आतलं हे पान काल बघितलंच नव्हतं. पुस्तक तुमच्याकडेच यायचं होतं बघा.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याचा एक जण संध्याकाळी न्यायला येतोय म्हणाला आणि मी तिथल्या तिथे ११,५०० रुपये पाठवले.

पार्सल आलं. पुठ्ठा जुनाच होता, पण आतून उघडताच चहाचा वास. पानं सगळीकडे सारखी तपकिरी. जुना कागद कडांनी आधी काळवंडतो, मधे फिकट राहतो. इथे मधलं आणि कडेचं एकच. भिंगाखाली चित्रं पाहिली. जुन्या छपाईत ठिपके रांगेनं, ठरावीक जाळीत बसलेले असतात. इथे रंगाचा नुसता फवारा, आपल्या घरच्या प्रिंटरसारखा.

तरी मन मानेना. मार्केट यार्डात ओळखीच्या हळदीच्या अडत्याकडे नोटा तपासायचा दिवा आहे, तिथे पुस्तक घेऊन गेले. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून मिसळलेली रसायनं त्या दिव्याखाली निळसर चमकतात, आणि कागदात ती सर्रास आली १९५० च्या सुमारास. माझी चित्रपानं लख्ख चमकली. ‘मिरज १९३२’चं पानही. अडते काही बोलले नाहीत, त्यांनी दिवा बंद केला.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन पाच दिवस उलटले होते आणि ते खात्यातून पुढे गेलेले. हा नंबर पहिल्या तासाभरात लावला तर रक्कम अडवली जाण्याची आशा असते. बँकेत सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.

आता मी कुणालाही काही सांगण्याआधी व्हिडिओ मागते: पुस्तक हातात धरून, आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून, शीर्षकपानाची मागची बाजू आणि एक चित्र तिरप्या उजेडात. खरा विक्रेता पाच मिनिटांत पाठवतो. टाळाटाळ झाली की मी तिथेच थांबते. आपल्याला पुस्तक का हवंय हे व्यवहार पुरा होईपर्यंत बोलू नका, कारण त्यानं मला जे विकलं ते मीच त्याला दिलेलं होतं.

हे लिहायचं कारण वेगळंच. साताऱ्यातल्या एका मैत्रिणीनं परवा मला फोटो पाठवला, ‘हे घेऊ का?’ म्हणून. तोच पुठ्ठा, तेच पेन्सिलीचं वळण. फक्त अक्षरं होती ‘सातारा १९३२’. तिचे आजोबा राजवाड्यापाशी टांगा उभा करायचे, हे तिनं त्याला आदल्याच दिवशी सांगितलं होतं.