जुन्या इमारतीतलं नूतनीकरण केलेलं वन बीएचके: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा राहून झाल्यावर

भर उन्हाळ्यात इथे राहायला आलो, पावसाळा काढला, आता थंडीही सरत आलीय. माझं मत पक्कं झालंय. नूतनीकरण करताना जिथे जुन्या बांधकामाचा स्वभाव सांभाळलाय, तिथे हे घर अतिशय सुखाचं आहे. जिथे त्यावर नवं काहीतरी थापलंय, तिथे त्रास आहे.

भिंतींपासून सुरुवात करतो. बाहेरच्या भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येईल इतक्या जाड. दुपारी बाहेरून आत आलं की गारवा लगेच जाणवतो. मात्र दिवसभर शोषलेली उष्णता ही भिंत रात्री आत सोडते, त्यामुळे पश्चिमेची बेडरूम उशिरापर्यंत कोमट राहते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की निभतं.

खरा फरक पावसात कळला. बेडरूमला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी आहे. हॉलच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि धुता येणारा चकचकीत रंग. घर बघताना हॉलच जास्त देखणा वाटतो. झडीच्या पावसात बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटला आणि उघडीप मिळताच वाळून गेला. हॉलमध्ये रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले, मग पांढरा लोणा (भिंतीतल्या क्षारांची पूड) फुटला. चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि प्लॅस्टिकसारखा रंग ती अडवतात. बारीक भेगांतून शिरलेलं पाणी भिंतीतच कोंडतं. भिंतीत रोवलेली छताच्या लाकडी तुळयांची टोकं कुजतात ती याच ओलीनं, म्हणून हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही.

घरमालकांनी म्हणणं ऐकून घेतलं आणि हॉलची भिंत खरवडून चुन्याचा गिलावा करून दिला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे प्रत्येक थरानंतर थांबावं लागतं. कित्येक आठवडे सामान खोलीच्या मधोमध होतं. तरी करून घ्याच.

छताचा लाकडी कडीपाट, म्हणजे तुळया आणि त्यांवरच्या फळ्या, झाकला नाही, हे फार चांगलं केलं. कुठे पाणी झिरपलं तर लगेच दिसतं, आणि उंच छतामुळे खोली लहान असूनही कोंदट वाटत नाही. आवाज मात्र येतो. वरच्या मजल्यावरचं बोलणं फारसं ऐकू येत नाही, पण पावलं आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज थेट डोक्यावर पडतो, कारण तो लाकडातूनच खाली उतरतो. वरच्या काकूंना विनंती केली, त्यांनी जाड गालिचा अंथरला आणि बराच फरक पडला. खालून काहीही केलं असतं तरी इतका पडला नसता.

खिडक्यांच्या जुन्या चौकटी दुरुस्त करून तशाच ठेवल्यात आणि बेडरूममध्ये आतून काचेची दुसरी झडप बसवलीय. दोन काचांत साधारण 10 सेंटीमीटर अंतर आहे. रस्त्याचा आवाज अडतो तो या अंतरामुळे.

बाथरूम नवं, स्वच्छ, पण एक पायरी वर. मैलापाण्याचा जुना उभा पाइप आहे तिथेच राहणार आणि त्याच्याकडे उतार द्यायचा, म्हणून जमीन उचलावी लागली. गुडघेदुखी असलेल्यांनी ही पायरी आधी चढून बघावी. ‘प्लंबिंग नवीन’ हे फक्त घरापुरतं खरं आहे. इमारतीचा मुख्य पाइप जुनाच, लोखंडी; सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं आणि दाबही कमी असतो. विजेचंही तसंच. वायरिंग नवं, अर्थिंग नीट, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, पण जोडणीचा मंजूर भार जुनाच असल्यानं गीझर आणि एसी एकत्र चालत नाहीत. वायफाय जाड भिंतीपलीकडे मंदावतं. 5 गीगाहर्ट्झवर तर बेडरूममध्ये पोहोचतच नाही.

असं घर बघायला जाणार असाल तर शक्यतो पावसाळ्यात जा. भिंतीला कुठला गिलावा आहे, तुळयांची टोकं कधी तपासली, मुख्य पाइप कधी बदलला, हे विचारा. नवे ओटे आणि टाइल्स नंतर बघा.

मी करार वाढवतोय. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर अजून सिमेंट आहे. पावसाआधी तीही चुन्यात करायचं ठरलंय.