घरी केलेला ट्रॅक कुठे टाकावा: साउंडक्लाऊड, यूट्यूब आणि बँडकँप, काही महिन्यांच्या वापरानंतर

मत आधीच सांगतो. ट्रॅक अजून घडतोय आणि तो सुधारायचाय, तर साउंडक्लाऊड. लोक नेमके कुठे कंटाळतात ते बघायचंय, तर यूट्यूब. ट्रॅक पूर्ण झालाय आणि चार पैसे आले तर हवेत, तर बँडकँप. तिन्ही कामं एकाच ठिकाणी होत नाहीत. आणि कुठेही टाका, खाली नुसतं ‘ऐका आणि कसं वाटलं ते सांगा’ लिहिलंत, तर ‘भारी’, ‘कडक’ आणि आगीचे इमोजी यापलीकडे हाती काही लागत नाही.

साउंडक्लाऊड वापरण्याचं मोठं कारण एकच: तिथली कमेंट वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) त्या त्या सेकंदाला चिकटते. या कमेंटमध्ये शब्दांपेक्षा जागा महत्त्वाची. ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं हे खरं असतं, पण कारण तो बहुतेकदा चुकीचं सांगतो. ‘आवाज वाढव गाण्याचा’ असं कोणी १:४२ ला लिहिलं, तर गाण्याचा, म्हणजे गायकाच्या आवाजाचा, फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) वर ढकलण्याआधी त्या जागी कुठला पॅड (मागे लांब चालणारा सिंथचा सूर) चालू आहे ते बघा. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात पॅड दोन-तीन डीबी (डेसिबल) कापला की गाणं आपोआप पुढे येतं. ‘कान दुखतो’ म्हणजे बहुधा ३ ते ५ किलोहर्ट्झमधला लीड सिंथ (मुख्य धून वाजवणारा), किंवा त्याच्याही वर टोचणारी हाय-हॅट (ड्रममधली छोटी झांज). तीन जणांनी तीन वेगळ्या शब्दांत एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे खोट आहे असं धरून चाला.

कमेंट मागायची पद्धतही ठरवून घ्या. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत एकच प्रश्न, वेळेसकट: ‘१:३० ते २:०० मध्ये किकखाली ढोलकी दबते का? कशावर ऐकलंत?’ (किक म्हणजे तालातला सगळ्यात जड ड्रम.) यातला दुसरा प्रश्न जास्त कामाचा. मोबाइलच्या स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवता येत नाही. त्यामुळे ‘बेस कमी आहे’ ही मोबाइलवाल्याची तक्रार आणि ‘बेस फार होतोय’ ही गाडीत ऐकणाऱ्याची तक्रार एकाच मिक्सबद्दल (सगळे आवाज एकत्र बसवलेल्या फाइलबद्दल) येऊ शकते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

उदाहरणार्थ, ट्रॅक पांढरी पाचमध्ये (जी सुरात) आहे आणि किक त्याच सुरात, म्हणजे ४९ हर्ट्झवर लावलाय. मोबाइलवर तो गायब होणारच. अशा वेळी इक्वलायझरने खालचा भाग आणखी फुगवून काही मिळत नाही, उलट हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा, जाते. किकवर किंवा बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित फाडणं) द्या. ९८, १४७, १९६, २४५ अशा पटीतल्या कंपनसंख्या तयार होतात आणि वरच्या ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. शिवाय १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोत (दोन्ही बाजूंना अगदी सारखं) ठेवा. डावी-उजवीकडे पसरवलेला बेस हेडफोनवर छान वाटतो, पण साउंडवाल्याने दोन्ही चॅनेल एकत्र केले की त्यातला बराचसा एकमेकांना मारून संपतो. गणपतीतल्या डॉल्बीसमोर वाजेल असा ट्रॅक करत असाल, तर मोनोचं बटण दाबून ऐकल्याशिवाय फाइल काढूच नका.

मुंबईतला बराचसा श्रोतृवर्ग लोकलमध्ये इयरफोन लावून उभा असतो, हेही धरून चला. गाडीच्या घरघरीत खालचे सूर आणि हळू भाग दोन्ही बुडतात. ब्रेकडाऊनमध्ये (ठेका थांबतो त्या भागात) फक्त तानपुरा आणि लांबचा रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) ठेवलात, तर दादर ते अंधेरी प्रवास करणाऱ्याला वाटतं गाणं बंद पडलं. ब्रेकडाऊन आणि ड्रॉप (ठेका पूर्ण जोरात परततो तो भाग) यांच्या आवाजातला फरक सात-आठ डीबीच्या आत ठेवला की हा प्रश्न बराच मिटतो. कलात्मकदृष्ट्या ही तडजोडच आहे, पण तुम्हाला ऐकणारे तिथेच असतील तर करावी.

फाइल २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्ही द्या. पाच मिनिटांचा स्टिरिओ ट्रॅक साधारण ७९ एमबी होतो. एमपीथ्री करून चढवू नका, कारण सगळीकडे त्याचं पुन्हा एन्कोडिंग होतं आणि दोनदा दाबलेल्या फाइलमध्ये झांजा आणि हाय-हॅट पाण्यासारख्या खळखळतात. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) –१ डीबीवर थांबवा. शून्यापर्यंत नेलेला मास्टर (शेवटची तयार फाइल) एन्कोड होताना पीक वर जातात आणि घरी स्वच्छ असलेला ड्रॉप ऐकणाऱ्याकडे फाटतो. लाउडनेस (कानाला जाणवणारा एकूण आवाज, एकक एलयूएफएस) मोजायला यूलीनचा मोफत मीटर पुरतो. यूट्यूब –१४ एलयूएफएसपेक्षा मोठ्या आवाजाचा ट्रॅक खाली आणतं, हळू असेल तर मात्र वर नेत नाही. –८ ला पिळून काढलेला मास्टर तिथे ६ डीबी खाली येतो. मोठा आवाज तर जातोच, आणि लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्रणेने) किकचा दाबून टाकलेला ठोसाही परत मिळत नाही.

कच्चा मिक्स सगळ्यांसमोर न टाकता प्रायव्हेट ठेवून त्याची गुप्त लिंक मोजक्या लोकांना द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा असेल, तर फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा. साउंडक्लाऊडवर जुनी लिंक ठेवून फाइल बदलण्याची सोय पैसे भरणाऱ्या खात्यात आहे. तिची एक गोम: कमेंट जुन्या सेकंदालाच राहतात. इंट्रो १५ सेकंदांनी कापलात की सगळ्या कमेंट भलत्याच जागी बोट दाखवू लागतात. त्यामुळे रचना बदलली तर नवा ट्रॅक, फक्त मिक्स बदलला तर फाइल बदला.

‘प्रमोशन करून देतो’ म्हणणाऱ्या कमेंट सगळीकडेच येतात. न वाचता उडवा.

यूट्यूबवर एक स्थिर चित्र लावून व्हिडिओ केला तरी चालतो. तिथला खरा फायदा म्हणजे यूट्यूब स्टुडिओमधला, लोक किती वेळ टिकले ते दाखवणारा आलेख. दहा-वीस जणांच्या आलेखावरून निष्कर्ष काढू नका, आकडा वाढू द्या. मग पहिली दरी बहुतेक वेळा इंट्रोत सापडते. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बारचा (एका बारमध्ये चार ठोके) डीजे इंट्रो म्हणजे बरोब्बर एक मिनिट नुसता किक आणि हॅट. डीजेला मिक्स करायला तो लागतो, घरी ऐकणारा थांबत नाही. दोन आवृत्त्या काढा: यूट्यूबवर ८ बारची, म्हणजे १५ सेकंदांची, आणि डीजेंसाठी डाउनलोडला पूर्ण.

आलेख सरळ खाली गेला म्हणून ट्रॅक वाईटच, असंही नाही. मुंबईतल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन राग वाजवले. ते रेकॉर्ड तेव्हा फारसं खपलं नाही. जगभर त्याची चर्चा झाली ती २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर.

कंटेंट आयडीबद्दल (यूट्यूबची दुसऱ्याच्या हक्काचं संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा): हिंदी गाण्याचा तुकडा कापून घेतला असेल तर दावा येणार, त्यात वाद नाही. पण विकतच्या लूप पॅकमधला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) जसाच्या तसा वापरलात तरी येऊ शकतो, कारण तोच लूप दुसऱ्या कोणीतरी आपल्या ट्रॅकमध्ये वापरून नोंदवलेला असतो. लूप चिरा, क्रम बदला, सूर हलवा. परवान्याची पावती जपून ठेवा. दाव्यावर तुम्ही हरकत घेतल्यावर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात.

बँडकँपवर वेळेनुसार कमेंट नाही. विकत घेणारा दोन ओळी लिहितो, त्या सहसा गोडच असतात, मिक्स सुधारायला उपयोग शून्य. फाइल लॉसलेसच लागते, मुखपृष्ठ किमान १४०० बाय १४०० पिक्सेल. डिजिटल विक्रीवर १५ टक्के त्यांचे, शिवाय पेमेंटचं शुल्क वेगळं. शुल्काचा काही भाग ठरावीक रकमेचा असल्याने एक डॉलरचा सुटा ट्रॅक विकण्यात फार उरत नाही, चार ट्रॅकचा ईपी (छोटा अल्बम) एकत्र ठेवा. ‘वाटेल ती किंमत’ ठेवून शून्यही चालेल असं केलंत, तर फुकट डाउनलोडला महिन्याला २०० ची मर्यादा आहे. पैसे पेपालमधून येतात. भारतातल्या खात्याला पॅन, बँक खातं आणि पर्पज कोड (पैसे कशाबद्दल आले ते सांगणारा क्रमांक) जोडावा लागतो, आणि आलेली रक्कम तिथे साठवून ठेवता येत नाही, रुपयांत बदलून आपोआप बँकेत जाते. हे सगळं पहिल्या विक्रीच्या आधी करून ठेवा.